तेल न लावता या

न्यूरोलॉजिस्टची, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांची, ओपीडी आमच्या तळकोकणात रोजची नसते. डॉक्टर ठरलेल्या वारी कोल्हापूरहून घाट उतरून नाहीतर गोव्याहून येतात, आणि त्यांची गाडी दारात लागायच्या आधीच वस्तीच्या एसटीने निघालेली माणसं बाकांवर येऊन बसलेली असतात. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी. ती उघडायची घाई पेशंटला असते, डॉक्टरांना नसते. ते पिशवी बाजूला ठेवायला सांगतात, "तुमका काय होता?" एवढंच विचारतात आणि ऐकत बसतात. आम्ही ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढायच्या, आणि नसांच्या तपासणीच्या खोलीत काम करतो. पेशंट आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा आजाराचं नाव बहुतेक वेळा डॉक्टरांच्या मनात येऊन बसलेलं असतं. मशीन त्याला दुजोरा देतं किंवा ते मोडून काढतं. म्हणून तपासणीला कसं यायचं ते सांगायचं तर त्या बोलण्यापासूनच सांगायला हवं.

त्याआधी एक नेहमीचा घोळ. मराठीत रक्ताची शीरही 'नस' आणि मज्जातंतूही 'नस'. त्यामुळे पायावरच्या निळ्या, फुगलेल्या शिरा दाखवायला दर ओपीडीला एकदोघं येतातच आणि नंबर वाया जातो. ते काम सर्जनचं. न्यूरोलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर ३ वर्षं मेडिसिनचं एमडी आणि त्यावर ३ वर्षं न्यूरोलॉजीचं डीएम केलेला डॉक्टर. तो ऑपरेशन करत नाही. मेंदू, पाठकण्यातला मज्जारज्जू, तिथून निघणारे मज्जातंतू आणि ते जिथे पोचतात ते स्नायू, एवढा त्याचा मुलूख: फिट, अर्धशिशी, पक्षाघात, कंपवात, विसरणं, हातापायाच्या मुंग्या, तोल जाणं. गाठ काढायची किंवा दबलेली नस मोकळी करायची असेल तर तो न्यूरोसर्जनकडे चिठ्ठी देतो. 'नसेवर नस चढली' नावाचा आजार कुठल्याच पुस्तकात नाही.

आता 'चक्कर' हा शब्द घ्या. "माका चक्कर येता" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी लपलेली असतात. घर गरगर फिरतंय, की उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो, की फिरत काही नाही पण चालताना तोल जातो, की नुसतं डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं? पहिल्याचा रस्ता बहुतेकदा कानाकडे जातो. दुसऱ्याचा बीपी, हृदय, अंगात पाणी कमी पडणं किंवा बीपीच्याच गोळ्यांकडे. तिसऱ्याचा लहान मेंदूकडे नाहीतर पायांच्या मज्जातंतूंकडे. म्हणून डॉक्टर 'चक्कर' हा शब्द सोडून सांगायला लावतात, तेव्हा वैतागू नका. कूस बदलली की दहा-पंधरा सेकंद घर फिरतं, एवढं नेमकं सांगितलंत की निम्मं काम झालं.

'हातात जोर नाही' याचंही तसंच. केस विंचरताना, फळीवरचा डबा काढताना हात भरून येतो, की भात कालवताना, खोबरं खवताना, शर्टाचं बटण लावताना बोटं ऐकत नाहीत? पहिलं खांद्याजवळच्या स्नायूंचं, दुसरं बोटांचं आणि मनगटाच्या खालच्या नसांचं. पायांसाठीचा ठरलेला प्रश्न चपलेचा असतो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं का? मासे साफ करताना काटा रुतला तरी कळत नाही का? तोंड धुताना डोळे मिटले की भिंत धरावी लागते का? हे प्रश्न उगाच गप्पा वाटतात, पण संवेदना नेणाऱ्या नसा कुठवर गेल्यात ते यांतूनच समजतं.

दुसरी गोष्ट काळाची. काही सेकंदांत सुरू झालं तर आधी रक्तवाहिनीचा संशय, दिवसांत वाढलं तर सूज किंवा संसर्गाचा, महिन्यांत वाढत गेलं तर गाठीचा, वर्षानुवर्षं हळूहळू सरकलं तर झिजेचा. ढोबळ आडाखा आहे, अपवाद भरपूर, पण पहिला फाटा इथेच फुटतो. तारीख आठवत नसेल तर 'गणपतीच्या आधी', 'शिमग्यात', 'आंबा उतरवत होतो तेव्हा' असं सांगितलं तरी चालतं. 'बरेच दिवस झाले' चालत नाही.

फिटच्या पेशंटसोबत कोण आलंय हे आम्ही काउंटरवरच विचारतो. ज्याला फिट आली त्याला त्यातलं काहीच आठवत नसतं; ज्यानं पाहिली तो मुंबईला कामाला परत गेलेला असतो; आणि सोबत आलेला काका ऐकीव सांगतो. अशा वेळी डॉक्टर पाहणाऱ्याला फोन लावतात. त्याला विचारायचं ते असं: डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठल्या बाजूला वळली, झटके दोन्ही हातांना की एका, किती वेळ, जीभ चावली ती टोकाला की कडेला, आणि थांबल्यावर माणूस किती वेळानं नीट बोलला. देवळाच्या रांगेत उभ्या उभ्या घामाघूम होऊन पडला आणि अर्ध्या मिनिटात "काय झाला?" म्हणत उठला, तर ती बहुधा फिट नसून घेरी असते, आणि तिला फिटच्या गोळ्या लागत नाहीत. सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे मोबाइलचा व्हिडिओ. एकानं पेशंटला कुशीवर वळवावं, दुसऱ्यानं दिवा लावून, अंगावरचं पांघरूण काढून, चेहरा आणि चारी हातपाय दिसतील असं शूट करावं आणि थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवावं. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर १०८.

कुणाच्या अंगात येतं, कुणी देवाला गाऱ्हाणं घातलेलं असतं, कुणी कौल घेऊन आलेलं असतं. हे लपवायचं कारण नाही. डॉक्टर हसत नाहीत, आणि गाऱ्हाणं घालू नका असंही सांगत नाहीत. गोळी चुकवू नका, एवढंच सांगतात.

तिसरी गोष्ट पिशवीतल्या गोळ्यांची. "पांढरी, अर्धी, रात्री" यावरून कुठलाच डॉक्टर काही ओळखू शकत नाही. सगळ्या स्ट्रिप आणा: मधुमेहाच्या, बीपीच्या, गावठी काढ्याच्या पुड्यासुद्धा. कंपवाताच्या संशयानं पाठवलेल्या, हात थरथरणाऱ्या, पाय घासत चालणाऱ्या माणसाच्या पिशवीतून वर्षभर न थांबता घेतलेली चक्करची गोळी निघावी, हे इथे नवं नाही. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं दीर्घकाळ घेतली तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात. बंद केली की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, बहुतेकांची लक्षणं ओसरतात. तसंच मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी पडून पायांना मुंग्या येऊ शकतात. दोन्हीचं उत्तर एमआरआयमध्ये नसतं, पिशवीच्या तळाशी असतं.

मग तपासणी. ती तुम्ही दारातून चालत येता तेव्हाच सुरू झालेली असते: हात दोन्ही बाजूंना सारखे हलतात का, वळताना किती पावलं लागतात, खुर्चीत बसताना धपकन बसता का. पुढची १५-२० मिनिटं दिसायला खेळासारखी असतात. डोळ्यांसमोर बोट फिरवतात, दात दाखवायला, भुवया वर करायला, जीभ बाहेर काढायला सांगतात. ऑप्थॅल्मोस्कोपनं डोळ्याचा पडदा बघतात, कारण डोक्यातला दाब वाढला तर तिथली नस सुजलेली दिसते. हातापायांचा जोर ० ते ५ या पट्टीवर मोजतात: ० म्हणजे हालचालच नाही, ३ म्हणजे अवयव स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो पण वर दाब दिला की पडतो, ५ म्हणजे नॉर्मल. कापूस, टाचणी, आणि हाडावर टेकवायचा १२८ हर्ट्झचा कंपनकाटा. काटा पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि 'थरथर कळते का' विचारलं तर ती कळते की नाही एवढंच सांगा; डॉक्टर खूश व्हावेत म्हणून होकार देऊ नका. असे होकार फार येतात.

हातोडीनं गुडघ्याखाली मारलं की पाय उडतो. उडाला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात आणि त्याच क्षणी पुन्हा मारतात. लक्ष हातांकडे गेलं की दबलेली प्रतिक्षिप्त क्रिया वर येते. तळव्याच्या कडेनं किल्लीसारखं काही ओढतात तेव्हा गुदगुल्या होतात, पाय मागे घेऊ नका. मोठ्या माणसाचा अंगठा तेव्हा खाली वळायला हवा. वर उठला तर मेंदू किंवा मज्जारज्जूच्या वाटेवर बिघाड आहे असं समजतात. शेवटी पाय जुळवून डोळे मिटून उभं राहायचं आणि दोरीवर चालल्यासारखं टाचेला अंगठा लावत चालायचं. बायकांनी या दिवशी सैल सलवार किंवा गुडघ्यावर घेता येईल अशी साडी नेसावी, पुरुषांनी घट्ट जीन्स घालू नये. एवढ्यासाठी पाच मिनिटं जातात.

कूस बदलताना घर फिरणाऱ्यांची परीक्षा वेगळी. पेशंटला टेबलावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि त्याच स्थितीत झटकन मागे आडवं करतात, डोकं कडेखाली थोडं लोंबतं ठेवून. काही सेकंद काही होत नाही. मग डोळे स्वतःहून झटके देत फिरायला लागतात आणि पेशंट टेबलाची कड घट्ट धरतो. पाऊण-एक मिनिटात ते शांत होतात. कानाच्या आतल्या नळीत सुटून पडलेले कॅल्शियमचे बारीक कण हे त्याचं कारण. ते जागच्या जागी, डोकं ठरावीक क्रमानं फिरवून, मूळ जागी परत घालवता येतात. बऱ्याच जणांना एका वेळेतच आराम पडतो. यातले किती तरी जण चक्कर मानेची समजून वर्षभर मानेचा पट्टा बांधून फिरत असतात. मानेचा एक्स-रे किंवा एमआरआय पन्नाशीनंतर काढलात तर झीज बहुधा दिसतेच, दुखणं असो वा नसो.

इथे थांबून एक सांगतो, कारण दर दोन-तीन ओपीडींना असं एखादं माणूस बाकावर बसलेलं सापडतं. काही दुखण्यांसाठी नंबर लावायचाच नसतो. अचानक तोंड वाकडं झालं, उचललेला हात आपोआप खाली आला, जीभ जड झाली, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'वारं गेलं' म्हणतात, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. ते ४.५ तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री १० वाजता नीट झोपला आणि पहाटे ५ वाजता हात उचलेना, तर घड्याळ १० पासून सुरू. तरीही निघायचंच, कारण मोठ्या केंद्रांत निवडक पेशंटची गुठळी २४ तासांपर्यंत तारेनं काढता येते. गुठळी की रक्तस्राव हे बाहेरून सांगता येत नाही, सीटी स्कॅनच सांगतो; म्हणून घरून निघताना फोन करून सीटी चालू आहे ना एवढं विचारा आणि जिथे चालू असेल तिथेच जा. आमच्याकडून पुष्कळ जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. वाटेत पाणी, चहा, जिभेखाली बीपीची गोळी, ॲस्पिरिन काही देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची स्ट्रिप बरोबर घ्या.

तोंड वाकडं झालं पण हातपाय ठीक आहेत आणि त्या बाजूच्या कपाळाला आठीही पडत नाही, तर ते बहुधा चेहऱ्याच्या नसेचं, बेल्स पाल्सी. त्याच्या स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या, आणि न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब, रात्री डोळ्यावर पट्टी. पण हा फरक घरी बसून ठरवू नका. पायांपासून सुरू होऊन दिवसागणिक वर चढणारा अशक्तपणा, तापासोबत ताठ मान, क्षणात उसळलेली आयुष्यातली सर्वांत वाईट डोकेदुखी, हीसुद्धा त्याच दिवशी दवाखाना गाठायची. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी दोन्ही पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर अंगावर दंशाची खूण शोधत बसू नका. मण्यार चावलेली कळतही नाही. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाचं इंजेक्शन आधी, बाकीचं मग.

आता आमची खोली. ईईजी म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख. माणसाचा पहिला ईईजी हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ मध्ये काढला. तत्त्व अजून तेच आहे. टाळूपर्यंत येणारा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे मोठ्यातला मोठा धरला तरी पेन्सिल सेलच्या पंधरा हजाराव्या भागाएवढा. तो पकडायचा तर धातूची वाटी आणि कातडी यांच्यामध्ये काही येता कामा नये. आणि आपल्याकडे नेमकं मध्ये येतं ते खोबरेल.

आदल्या दिवशी शाम्पूनं केस धुवा आणि नंतर तेलाचा थेंब लावू नका, हे आम्ही नंबर देताना सांगतो, चिठ्ठीवर लिहितो, फोनवर परत सांगतो. सकाळी आजी येतात, केस चापून बसवलेले, अंबाडा चकचकीत. "आजी, तेल?" "वायच लावलंय. तसाच भुतासारख्या येवचा काय?" मग बेसिनवर शाम्पू, टॉवेल, पंखा, आणि अर्धा तास गेला. तेलावर पेस्ट धरत नाही, वाटी घसरते, विद्युतरोध ५ किलोओहमच्या खाली येत नाही आणि आलेखात मेंदूऐवजी खोलीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची कुरकुर उमटते. मेंदी, हेअर डाय याचं काही नाही. जेल, गजरा आणि तेल नको.

आधी टेपनं नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजतो, मग एका कानापासून दुसऱ्यापर्यंत. ते अंतर १० आणि २० टक्क्यांच्या भागांत वाटून पेन्सिलनं खुणा करतो. प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून कातडी खरखरीत जेलनं पुसायची, पेस्ट भरलेली वाटी बसवायची. डोक्यावर १९ आणि कानांना २, अशा २१. मांडणीलाच वीसेक मिनिटं जातात, आलेख निदान २० मिनिटांचा, बहुधा थोडा जास्त. मशीन शॉक देत नाही, ते फक्त ऐकतं. पेशंटनं डोळे मिटून सैल पडायचं. दात आवळले, गिळलं, पापण्या फडफडल्या की सगळं कागदावर येतं. दमट हवेत एसी बंद पडला तर घामानंही आलेख बोटीसारखा डुलायला लागतो. मे महिन्यात वीज गेली की आम्ही थांबतो, रेटत नाही.

मध्येच ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतो. ओठांना, बोटांना मुंग्या येतील, घाबरू नका. हृदयरोग किंवा अलीकडेच झालेला पक्षाघात असेल तर आधी सांगा, मग हा भाग गाळतो. नंतर डोळ्यांसमोर दिवा उघडझाप करतो. आणि शक्य असेल तर झोप, कारण पुष्कळ बिघाड डुलकी लागतानाच उमटतात. म्हणून मोठ्यांना आदल्या रात्री चारेक तासच झोपायला सांगतात. लहान मुलांचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. रात्री जागून सकाळी स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नका. उपाशीही येऊ नका, साखर कमी झाली तर आलेख बदलतो. चहा-कॉफी तेवढी टाळा. आणि फिटच्या गोळ्या 'तपासणी आहे म्हणून' बंद करू नका, डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला की घरचे म्हणतात, फिट नव्हतीच. तसं नसतं. ज्यांना खरोखर फिटचा आजार आहे त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्यांच्या पहिल्या आलेखात काही सापडत नाही. मेंदू त्या अर्ध्या तासात शांत होता, एवढाच त्याचा अर्थ. इथे पुन्हा व्हिडिओ आणि पाहणारा माणूसच कामाला येतो.

नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, याच्या उलट: इथे शॉक असतो. लहान असतो, पण असतो. दगडावर कोपर आपटल्यावर झिणझिणतं तसा. नसेवर एका जागी टोचणी द्यायची, दुसऱ्या जागी ती किती मिलिसेकंदांत पोचली ते मोजायचं. हाताच्या नसांत वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर असावा, पायांत ४० च्या. गार हातात वेग खोटाच कमी येतो, म्हणून हाताचं तापमान ३२ अंशांच्या खाली असेल तर आम्ही गरम पाण्यात हात बुडवायला लावतो. अंगाला तेल, क्रीम नको. बांगड्या, अंगठ्या घरी. पेसमेकर असेल तर दारातच सांगा. सुई घालून स्नायू ऐकायची तपासणी, ईएमजी, लागली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही सांगा.

आमच्याकडे यातलं सर्वांत जास्त काम मनगटाच्या बोगद्यात दबलेल्या नसेचं. काजू फोडणाऱ्या, कोळंबीचे ढीग सोलणाऱ्या बायका. रात्री दोन वाजता बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. अंगठा, पहिली दोन बोटं आणि तिसऱ्याची अर्धी बाजू, करंगळी सोडून. त्या करंगळीबद्दल विचारलं की निदान जवळजवळ होतंच. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा हा पहिला उपाय. अंगठ्याच्या मुळाचं मांस बसायला लागलं की मात्र ऑपरेशनला उशीर करू नये. दुखापतीची गोष्ट निराळी. माडावरून पडून खांद्याची नस ताणली गेली तर सुईच्या तपासणीत खुणा उमटायला तीनेक आठवडे लागतात, दुसऱ्या दिवशी येऊन काही कळत नाही. पण कोयत्यानं मनगट कापलं असेल तर तीन आठवडे थांबायचं नाही. नस शिवणारा सर्जन त्याच दिवशी गाठायचा.

एमआरआयबद्दल लोकांना आमच्याहून जास्त माहिती असते, म्हणून थोडक्यात. २० ते ४५ मिनिटं, मोठा खडखडाट, हलायचं नाही. मंगळसूत्र, जोडवी, पिना, काढता येणारी कवळी बाहेर. होडीच्या वर्कशॉपात वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते सांगायलाच हवं, आधी एक्स-रे काढावा लागतो. अर्धशिशी आणि कंपवात यांत एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. पैसे बुडाले असं समजू नका, दुसरं काही नाही एवढं कळलं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी तपासायला पाठीतून काढतात; लोक त्याला घाबरतात ते अर्धांगाच्या भीतीनं. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ घालतात आणि मज्जारज्जू त्याच्या वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपलेला असतो. नंतर उभं राहिल्यावर काही दिवस डोकं दुखू शकतं, आडवं पडलं की थांबतं.

औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर आलेला माणूस आम्हाला हमखास विचारतो, किती दिवस? फिटसाठी बहुतेकदा शेवटच्या फिटपासून निदान दोनेक वर्षं, आणि बंद करायची तर डॉक्टरांनी, हळूहळू. मध्येच तोडलेली गोळी हे परत फिट येण्याचं पहिलं कारण. दुसरं कारण जागरण: दशावताराचा रात्रभर नाटकप्रयोग, गणपतीतली भजनं, शिमग्याचे खेळे. बघायला जा, पण मध्यरात्री परत या आणि रात्रीची गोळी खिशात ठेवा. फिट आटोक्यात येईपर्यंत माडावर चढणं, ट्रॉलरवर जाणं, एकट्यानं विहिरीवर पाणी काढणं, गाडी चालवणं बंद. हे ऐकल्यावर ज्याचं पोट बोटीवर आहे त्याचा चेहरा पडतो; जेटीवर जाळी विणायचं, वर्गवारीचं काम मिळतं का ते तिथेच बोलून घ्यावं.

गोळ्यांचे तापही माहीत असावेत. लेव्हेटिरासिटामनं चिडचिड वाढते. फेनिटॉइननं हिरड्या फुगतात, आणि डोस थोडा वाढला तरी माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता फोन. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला व्हॅल्प्रोएट दिलं असेल तर लग्नाच्या आधीच डॉक्टरांशी बोला, ते गर्भाला बाधतं. पण घाबरून स्वतः बंद करू नका. कंपवाताची लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास. मासळीच्या भरल्या ताटासोबत घेतली तर प्रथिनं तिची वाट अडवतात. डोकेदुखीची गोळी महिन्यात १०-१५ दिवसांहून जास्त लागत असेल तर ती गोळीच डोकं दुखवायला लागलेली असू शकते.

शेवटची अडचण आपल्या हवेची. पावसाळ्यात एमआरआयच्या फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना चित्र निघून येतं. प्रत्येक फिल्ममध्ये कोरा कागद घाला, सीडी वेगळी ठेवा. आठवड्याच्या गोळ्या सोलून डब्यात भरायची मुंबईची युक्ती इथे करू नका. व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतलं पाणी ओढते. जुलैत स्ट्रिपबाहेर काढून ठेवलीत तर मऊ पडून डब्याला चिकटते. स्ट्रिपच कात्रीनं कापा, वाराचं नाव पेननं लिहा. रिकामी स्ट्रिप फेकू नका, पुढच्या ओपीडीला घेऊन या: नाव आणि मिलिग्रॅम तिच्यावर असतात, आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या की किती चुकल्या तेही न विचारता कळतं.